हॉकीतील संख्याधिक्याचे आक्रमण व त्याचा सराव : भारतीय हॉकीच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

हॉकीच्या मैदानावर दोन्ही संघांचे प्रत्येकी अकरा खेळाडू असतात. तरीही बहुसंख्य गोल अशा क्षणी होतात, की जेव्हा मैदानाच्या एखाद्या भागात आक्रमकांची संख्या बचावपटूंपेक्षा एकाने का होईना अधिक असते. हे संख्याधिक्य निर्माण करणे व ते नाहीसे होण्यापूर्वी त्याचा उपयोग करून घेणे, हा आक्रमणाच्या प्रशिक्षणाचा गाभा होय. प्रस्तुत लेखात १९२८ ते २०२४ या कालखंडातील भारतीय हॉकीच्या वाटचालीच्या आधारे या संकल्पनेचा मागोवा घेतला आहे. कृत्रिम मैदानामुळे भारतीय हॉकीची पीछेहाट झाली, हे रूढ स्पष्टीकरण अपुरे असून संख्याधिक्य टिकण्याचा अवधी क्रमाने कमी होत गेला व सरावपद्धतीला त्याची दखल घ्यावी लागली, असे प्रतिपादन येथे केले आहे.

१. प्रस्तावना

भारतीय हॉकीचा इतिहास बहुधा पदकांच्या आणि व्यक्तींच्या अंगाने लिहिला गेला आहे. ध्यानचंद यांची चेंडूवरील हुकमत, बलबीर सिंग यांचे गोल, १९७५ चा विश्वचषक आणि त्यानंतरची घसरण हे टप्पे सर्वपरिचित आहेत. मात्र हे खेळाडू कोणत्या प्रकारच्या सरावातून घडले, त्या सरावामागे खेळाविषयीची कोणती समजूत होती आणि ती केव्हा अपुरी पडू लागली, या प्रश्नांकडे तुलनेने कमी लक्ष दिले गेले आहे. सरावपद्धती हेही ऐतिहासिक साधन आहे. एखादा संघ कशाचा सराव करतो, यावरून तो खेळाकडे कसा पाहतो हे कळते. या दृष्टीने ‘दोनास एक’ हा सराव, म्हणजे दोन आक्रमकांनी एका बचावपटूला ओलांडून जाण्याचा सराव, अभ्यासाचे केंद्र म्हणून निवडला आहे. दिसावयास तो अत्यंत साधा असला, तरी हॉकीच्या आक्रमणाचे बहुतेक सर्व प्रश्न त्यात सामावलेले आहेत.

२. संख्याधिक्याची संकल्पना

हॉकीचे मैदान ९१.४० मीटर लांब व ५५ मीटर रुंद असते. गोल मान्य होण्यासाठी आक्रमकाचा चेंडूला स्पर्श सर्कलच्या आत व्हावा लागतो. गोलपासून १४.६३ मीटर अंतरावर आखलेल्या या क्षेत्रास आपल्याकडे ‘डी’ असे म्हणतात. बचाव करणाऱ्या संघाला त्यामुळे आपले बळ एका मर्यादित जागेत एकवटता येते. म्हणजेच वेळ मिळाला तर बचाव नेहमीच संख्येने पुरेसा होतो. आक्रमकांना जे आधिक्य लाभते, ते बचावपटू मागे परतेपर्यंतच्या थोड्या अवधीपुरते असते.

या स्थितीत चेंडू असलेल्या खेळाडूची जबाबदारी नेमकी असते. त्याने बचावपटूच्या दिशेने वेगाने जाऊन त्याला आपल्याशी गुंतवावयाचे असते आणि तो गुंतल्यानंतर, परंतु त्याची स्टिक चेंडूपर्यंत पोहोचण्यापूर्वी, सहकाऱ्याकडे पास द्यावयाचा असतो. पास लवकर दिला, तर बचावपटू सहज दुसऱ्या आक्रमकाकडे सरकतो आणि आधिक्याचा लाभ मिळत नाही. पास उशिरा दिला, तर चेंडूच हिरावला जातो. दुसऱ्या आक्रमकाचेही कर्तव्य तितकेच महत्त्वाचे आहे. त्याने पुरेसे अंतर राखले नाही, तर एकच बचावपटू दोघांवर नजर ठेवू शकतो.

हॉकीत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. स्टिकची केवळ सपाट बाजू वापरण्याची मुभा असल्याने मैदानाचा डावा व उजवा भाग समान राहत नाही. समोरून येणाऱ्या बचावपटूची उजवी बाजू बलवान असते, तर डाव्या बाजूस त्याला रिव्हर्स स्टिकने खेळावे लागते. आक्रमकाने आपल्या डावीकडे दिलेला पास देण्यास सोपा, पण तो बचावपटूच्या बलवान बाजूवरून जातो. उजवीकडे दिलेला पास बचावपटूच्या दुर्बल बाजूने जातो, पण तो देण्यासाठी मनगट व पावले यांची वेगळी ठेवण लागते. म्हणूनच ‘दोनास एक’ हा सराव दोन्ही दिशांनी करणे आवश्यक ठरते. एका दिशेच्या प्रावीण्यावरून दुसऱ्या दिशेचे प्रावीण्य गृहीत धरता येत नाही.

३. पाच आघाडीपटूंची परंपरा

ब्रिटिश लष्कर व वसाहतकालीन संस्था यांच्याद्वारे हॉकी भारतात रुजली. कलकत्त्यातील बेटन चषक १८९५ मध्ये, तर मुंबईतील आगाखान स्पर्धा १८९६ मध्ये सुरू झाली. १९२५ मध्ये भारतीय हॉकी महासंघाची स्थापना झाली. या काळातील प्रचलित रचना दोन फुलबॅक, तीन हाफबॅक आणि पाच आघाडीपटू अशी होती. राइट आउट, राइट इन, सेंटर फॉरवर्ड, लेफ्ट इन व लेफ्ट आउट ही नावे आजही जुन्या पिढीच्या ओठांवर आहेत.

या रचनेतच संख्याधिक्याची बीजे होती. प्रतिपक्षाच्या तीन हाफबॅकची फळी पासने ओलांडली गेली, की पाच आघाडीपटूंसमोर केवळ दोन फुलबॅक व गोलरक्षक उरत. आउट, इन आणि त्यांच्यामागचा हाफ यांचा त्रिकोण हे भारतीय खेळाचे वैशिष्ट्य मानले गेले. या त्रिकोणात चेंडू फिरवून मैदानाच्या एका कडेला तीनास दोन किंवा दोनास एक अशी स्थिती निर्माण केली जाई. तत्कालीन ऑफसाइड नियमानुसार प्रतिपक्षाच्या अर्ध्या भागात चेंडूच्या पुढे असलेल्या आक्रमकाच्या आणि गोलरेषेच्या दरम्यान किमान तीन प्रतिस्पर्धी असणे आवश्यक होते. परिणामी पास घेणाऱ्याला चेंडूच्या रेषेत किंवा मागे राहून योग्य क्षणी पुढे झेपावावे लागे. पास देणारा आणि घेणारा यांच्यातील वेळेचे भान या नियमानेच अनिवार्य केले होते.

१९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये भारताने पाच सामन्यांत २९ गोल केले व एकही स्वीकारला नाही. त्यांपैकी १४ गोल ध्यानचंद यांचे होते. लोकस्मृतीने या यशाचे श्रेय प्रामुख्याने वैयक्तिक चेंडूकौशल्याला दिले. तथापि १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमधील अमेरिकेविरुद्धचा २४-१ हा सामना वेगळी बाजू दाखवितो. प्रतिस्पर्धी दुबळा होता हे मान्य केले, तरी त्या सामन्यात रूपसिंग यांनी १० आणि ध्यानचंद यांनी ८ गोल केले, ही विभागणी बोलकी आहे. सेंटर फॉरवर्डने बचाव आपल्याकडे खेचला, तर लगतचा लेफ्ट इन मोकळा राहतो, हे तत्त्व त्यात दिसते.

१९३६ ची घटना या दृष्टीने अधिक उद्बोधक आहे. बर्लिनमध्ये स्पर्धेपूर्वीच्या सराव सामन्यात जर्मनीने भारताचा ४-१ असा पराभव केला. आघाडीच्या फळीतील इनच्या जागेचा दुवा कच्चा असल्याचे लक्षात आल्यावर अली दारा यांना भारतातून तातडीने विमानाने बोलावून घेण्यात आले. १५ ऑगस्ट १९३६ रोजी झालेल्या अंतिम सामन्यात भारताने त्याच जर्मनीला ८-१ असे पराभूत केले. ध्यानचंद दोन्ही वेळी संघात होतेच. बदल झाला तो फळीतील एका दुव्यात. या फरकाचे सारे श्रेय एका खेळाडूला देता येणार नाही, परंतु संघव्यवस्थापनाला स्वतःला कौशल्याइतकेच जोडणीचे महत्त्व वाटत होते, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

४. घटती गोलसंख्या आणि रूढ स्पष्टीकरणाची मर्यादा

१९७६ च्या माँट्रिअल ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम मैदानावर खेळली गेली आणि भारत सातव्या स्थानावर फेकला गेला. यावरून कृत्रिम मैदान हेच भारतीय हॉकीच्या ऱ्हासाचे कारण, असे समीकरण रूढ झाले. साधनसामग्रीच्या विषमतेचा परिणाम निर्विवाद आहे. खर्चिक मैदाने मोजक्याच ठिकाणी उपलब्ध असताना देशभरचे खेळाडू गवतावर किंवा मातीवर तयार होत होते. परंतु कालक्रम पाहिला असता हे समीकरण अपुरे ठरते.

ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यांचे निकाल या संदर्भात पाहण्याजोगे आहेत. १९३६ मध्ये ८-१, १९४८ मध्ये ब्रिटनविरुद्ध ४-० आणि १९५२ मध्ये नेदरलँड्सविरुद्ध ६-१ असे विजय भारताने मिळविले. १९५२ च्या सहा गोलांपैकी पाच एकट्या बलबीर सिंग यांचे होते. १९५६ मध्ये मात्र पाकिस्तानविरुद्ध १-० असा विजय मिळाला, १९६० मध्ये त्याच प्रतिस्पर्ध्याकडून ०-१ असा पराभव झाला आणि १९६४ मध्ये पुन्हा १-० असा विजय मिळाला. पाकिस्तानचा संघ त्याच परंपरेत वाढलेला होता, त्यामुळे दोन समान शैली एकमेकींना निष्प्रभ करीत होत्या हे खरे. परंतु १९६८ व १९७२ मध्ये भारताला कांस्यपदकावर समाधान मानावे लागले आणि १९७२ चे सुवर्णपदक पश्चिम जर्मनीने जिंकले. १९७३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दोन गोलांची आघाडी घेऊनही भारत अखेर नेदरलँड्सकडून पेनल्टी स्ट्रोकवर पराभूत झाला. हे सर्व गवताच्या मैदानावर घडले. १९७५ चा क्वालालंपूर येथील विजयही गवतावरचाच, आणि तोही अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध २-१ अशा निसटत्या फरकाचा. ऱ्हास मैदान बदलल्यावर सुरू झाला नाही. मैदानाच्या बदलाने तो वेगवान केला.

मग बदलले काय? युरोपीय संघांनी प्रत्येक आघाडीपटूवर एकेक खेळाडू तैनात करण्याची आणि त्यांच्यामागे एक मोकळा बचावपटू ठेवण्याची पद्धत विकसित केली. या मोकळ्या बचावपटूला ‘स्वीपर’ म्हणतात. या व्यवस्थेत संख्याधिक्य बचावाकडे गेले. चेंडूकौशल्याच्या बळावर एका खेळाडूला चकविले, तरी दुसरा मागे उभाच असे. चकविण्यात जो वेळ जाई, त्यात बाकीचे बचावपटू परतत. ज्या ड्रिबलिंगमुळे पूर्वी आधिक्य निर्माण होत असे, त्याच ड्रिबलिंगमध्ये आता आधिक्याचा अवधी खर्च होऊ लागला. कौशल्य तेच राहिले, पण त्याचे मूल्य बदलले.

५. नियमबदल आणि सरावाचे नवे शास्त्र

नियमांतील बदलांनी या प्रक्रियेला वेगळे वळण दिले. १९७२ मध्ये ऑफसाइडसाठी आवश्यक प्रतिस्पर्ध्यांची संख्या तीनवरून दोनवर आली. १९८७ मध्ये हा नियम गोलकडील २५ यार्डांच्या क्षेत्रापुरता मर्यादित करण्यात आला. १९९६ मध्ये तो प्रायोगिक तत्त्वावर स्थगित झाला आणि १९९८ मध्ये कायमचा रद्द झाला. १९९२ पासून अमर्याद अदलाबदलीची मुभा मिळाली. २००९ मध्ये फ्री हिट घेणाऱ्या खेळाडूला स्वतःच चेंडू पुढे नेण्याची परवानगी मिळाली.

या प्रत्येक बदलाचा संख्याधिक्याशी थेट संबंध आहे. ऑफसाइड रद्द झाल्यावर एक आक्रमक थेट प्रतिपक्षाच्या गोलजवळ उभा राहून किमान एका बचावपटूला तेथे खिळवून ठेवू शकतो. त्यामुळे उरलेल्या मैदानात जागा निर्माण होते. अमर्याद अदलाबदलीमुळे ताज्या दमाचे खेळाडू सतत मैदानात येतात आणि बचावपटू पूर्वीपेक्षा लवकर परततात. स्वतःच चेंडू खेळण्याच्या मुभेमुळे फाउलनंतर प्रतिपक्ष सावरण्यापूर्वी आक्रमण सुरू करता येते. आधिक्याच्या संधी वाढल्या, पण प्रत्येक संधीचे आयुष्य घटले.

याला उत्तर म्हणून सराव टप्प्याटप्प्याने रचला जाऊ लागला. जर्मन प्रशिक्षक होर्स्ट वाइन यांच्या १९७० च्या दशकातील लेखनाने हॉकी प्रशिक्षणाच्या शास्त्रीय मांडणीला मोठी चालना दिली. पुढे ऑस्ट्रेलियाच्या महिला संघाचे प्रशिक्षक रिक चार्ल्सवर्थ यांनी वेगवान आक्रमण व सततची अदलाबदल यांची सांगड घातली. त्यांच्या मार्गदर्शनाखाली त्या संघाने १९९६ व २००० ची ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकली.

या सरावाचे सर्वसाधारण टप्पे चार आहेत. पहिल्या टप्प्यात साधारण १० मीटर रुंद व २० मीटर लांब पट्ट्यात दोन आक्रमक व एक बचावपटू असतात. येथे पास देण्याचा क्षण ओळखणे हेच उद्दिष्ट असते. दुसऱ्या टप्प्यात तीन आक्रमकांविरुद्ध दोन बचावपटू येतात. चेंडू मधल्या आक्रमकाकडे असतो. त्याने दोघांच्या मधल्या फटीत न शिरता एका बचावपटूवर चाल करून जावे, म्हणजे दुसऱ्या बचावपटूविरुद्ध दोन सहकारी मोकळे राहतात. तीनास दोन या स्थितीतून दोनास एक ही स्थिती वेगळी काढणे, हे या टप्प्याचे सार होय.

तिसरा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे. यात आणखी एक बचावपटू काही मीटर मागून धावत येतो. तो पोहोचला की आधिक्य संपते. जो सराव पहिल्या दोन टप्प्यांत निवांतपणे जमत होता, तो येथे कोलमडतो, कारण आता निर्णयाला वेळेची सीमा असते. चौथ्या टप्प्यात गोलरक्षकासह २३ मीटर क्षेत्रात हाच प्रसंग उभा केला जातो. त्याचा शेवट गोलवरील फटक्याने किंवा पेनल्टी कॉर्नर मिळविण्याने व्हावा, अशी अट असते. चेंडू हरविल्यास आक्रमकांनी त्याच क्षणी बचावपटू व्हावयाचे असते. अशा रीतीने एका पट्ट्यातील खेळ हळूहळू प्रत्यक्ष सामन्याच्या जवळ नेला जातो.

येथे पेनल्टी कॉर्नरचा उल्लेख आवश्यक आहे. बचाव करणारे गोलरक्षकासह अधिकाधिक पाच खेळाडू गोलरेषेमागे उभे राहतात, बाकीच्यांना मध्यरेषेपलीकडे जावे लागते. हे नियमाने बहाल केलेले संख्याधिक्य होय. तेही चेंडू आत येऊन फटका बसेपर्यंतच्या काही क्षणांपुरतेच टिकते.

६. संख्येचे आधिक्य व त्याचा विनियोग : पॅरिस, २०२४

आजच्या नियमांनुसार हिरव्या कार्डाने दोन मिनिटे, पिवळ्या कार्डाने किमान पाच मिनिटे आणि लाल कार्डाने उर्वरित सामन्यासाठी खेळाडू बाहेर जातो. संघ एका खेळाडूने कमी झाला, की प्रतिपक्षाला संपूर्ण मैदानावर आधिक्य मिळते. मात्र असे आधिक्य आपोआप फलदायी होते का, याचे उत्तर ४ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकच्या उपांत्यपूर्व सामन्यात मिळाले.

ग्रेट ब्रिटनविरुद्धच्या या सामन्यात १७ व्या मिनिटाला अमित रोहिदास यांना लाल कार्ड दाखविण्यात आले. उरलेली सुमारे ४३ मिनिटे भारताला दहा खेळाडूंनिशी खेळावी लागली. तरीही २२ व्या मिनिटाला पेनल्टी कॉर्नरवर कर्णधार हरमनप्रीत सिंग यांनी भारताला आघाडी मिळवून दिली. २७ व्या मिनिटाला ली मॉर्टन यांनी बरोबरी साधली. त्यानंतर ब्रिटनने सातत्याने दबाव ठेवूनही निर्धारित वेळेत दुसरा गोल झाला नाही. शूटआउटमध्ये भारताने ४-२ असा विजय मिळविला. पुढे स्पेनला २-१ असे नमवून भारताने कांस्यपदकही जिंकले.

गोलरक्षक पी. आर. श्रीजेश यांची कामगिरी या निकालामागे होती, यात शंका नाही. पण प्रशिक्षणाच्या दृष्टीने या सामन्याचा बोध अधिक व्यापक आहे. दहा खेळाडूंचा संघ डीभोवती एकवटला, तर अकरावा आक्रमक चेंडूपासून दूर कोठेतरी मोकळा राहतो. डीच्या तोंडाशी मात्र बचावच संख्येने भारी असतो. अशा वेळी चेंडू एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे वेगाने फिरवून बचावपटूंना ताणणे आणि कोठेतरी खरीखुरी दोनास एक स्थिती घडविणे आवश्यक असते. हे घडले नाही, तर संख्येचे आधिक्य केवळ कागदावर राहते.

७. महाराष्ट्राच्या संदर्भात

महाराष्ट्राचे हॉकीशी नाते जुने आहे. मुंबईच्या आगाखान स्पर्धेने देशभरच्या संघांना व्यासपीठ दिले. पुण्याजवळील खडकीच्या वसाहतीतून धनराज पिल्ले यांच्यासारखा आघाडीपटू पुढे आला. त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने १९९८ मध्ये बँकॉक येथे ३२ वर्षांनंतर आशियाई सुवर्णपदक जिंकले. ऑफसाइडचा नियम कायमचा रद्द झाला, तेच हे वर्ष. चेंडूसह वेगाने मुसंडी मारणाऱ्या आघाडीपटूला नव्या नियमांनी अधिक जागा दिली. परंतु त्या मुसंडीच्या शेवटी पास घेण्यास सहकारी योग्य जागी असेल, तरच तिचे गोलमध्ये रूपांतर होते.

महाविद्यालयीन शारीरिक शिक्षणाच्या दृष्टीने याचे महत्त्व विशेष आहे. कृत्रिम मैदान प्रत्येक महाविद्यालयाला परवडणारे नाही. मात्र पहिले तीन टप्पे मोजके खेळाडू, चार खुणा आणि सपाट मातीचा एक पट्टा एवढ्यावर होऊ शकतात. मातीवर चेंडूचा वेग व उसळी निराळी असते, त्यामुळे तंत्र पूर्णपणे घडणार नाही. परंतु बचावपटूला केव्हा गुंतवावे आणि पास केव्हा द्यावा, हा निर्णय मातीवरही शिकविता येतो. सुविधांच्या अभावामुळे तंत्रावर मर्यादा येत असली, तरी विचारावर ती यावी असे नाही.

८. निष्कर्ष

१) हॉकीतील संख्याधिक्य हे मूलतः स्थानिक व अल्पजीवी असते. संपूर्ण मैदानावरील आधिक्य त्याची हमी देत नाही, हे २०२४ च्या पॅरिस येथील सामन्यावरून दिसते.

२) १९२८ ते १९३६ या काळातील भारतीय यशामागे वैयक्तिक कौशल्यासोबत पाच आघाडीपटूंच्या जोडणीतून निर्माण होणारे संख्याधिक्य होते.

३) भारतीय वर्चस्वाची घसरण कृत्रिम मैदानापूर्वीच सुरू झाली होती. बचावाच्या नव्या रचनांनी आधिक्य हिरावून घेतले आणि पुढील नियमबदलांनी त्याचा अवधी आणखी घटविला.

४) सरावात वेळेचे बंधन आणणारा टप्पा, म्हणजे मागून परतणाऱ्या बचावपटूचा समावेश, हा जुन्या व नव्या प्रशिक्षणातील निर्णायक भेद आहे.

५) मर्यादित साधने असलेल्या महाविद्यालयांनाही या सरावाचा मूलभूत भाग अंगीकारणे शक्य आहे.

ध्यानचंदांचा वारसा म्हणून चेंडूवरील हुकमतीचा गौरव होतो आणि तो योग्यच आहे. मात्र बचावपटूला स्वतःकडे खेचून शेजाऱ्याला मोकळे करणे, हाही त्याच वारशाचा भाग आहे. पुढील पिढीला हॉकी शिकविताना या दुसऱ्या अंगाला पहिल्याइतकेच स्थान मिळणे अगत्याचे आहे.